परक्या देवळातील आपली चाल

गेल्या पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेत आम्ही एका दिंडीबरोबर मुक्कामास होतो. रात्री जागराची तयारी चालली असता एक तरुण टाळकरी जवळ येऊन म्हणाला, "बुवा, नाशकात शरणपूरकडे कामाला गेलो होतो. तिथं एका ख्रिस्ती घरात पेटी-तबल्यावर अभंग चालला होता. चाल अगदी आपली! शब्द येशूचे, पण हात टाळासाठी शिवशिवायला लागले. उभा राहून ऐकला. दोष तर नाही ना लागला?"

ऐकल्याने दोष लागत नाही, एवढे त्याला तिथेच सांगितले. परंतु आपली चाल त्या घरात गेली कशी, हा प्रश्न मोठा आहे. त्याचा विचार केला तर आपल्याच भजनाविषयी काही कळते, म्हणून हा पाठ.

ती चाल तिथे नेणाऱ्यांत प्रमुख नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. लहानपणीच नाशकास येऊन त्यांनी गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृताचे अध्ययन केले. पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या घरावर काय कोसळले, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचावे. नवरा परधर्मात गेलेला, पदरी मूल, आणि माहेरच्यांच्या आधाराने काढलेली पाच वर्षे. त्यांतले काही दिवस तर आपल्या पंढरपुरात गेले. वारकऱ्याला हे वाचून वाईट वाटते, आणि वाटावेच. टिळकांनी धर्म सोडला तो आम्हांस रुचला असे आम्ही म्हणणार नाही. पण धर्म सोडताना त्यांना तुकोबाराय सोडवले नाहीत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते स्वतःच सांगत.

त्यांच्या आधी काय होते? पहिल्या पिढीच्या मिशनरी साहेबांनी विलायती चालींवर मराठी शब्द बसवले होते. साहेबाची चाल आघातावर चालते. एक अक्षर जोरात, दुसरे हलके. मराठी शब्द त्या साच्यात घातला की ऱ्हस्वाचे दीर्घ होते, शब्द मधेच तुटतो, आणि खेड्यातून आलेली बाई ओठ नुसते हलवत राहते. याउलट आपला अभंग पाहा. मोठ्या अभंगाच्या एका चौकात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. लघु-गुरूचा जाच नाही, मात्रांचे गणित नाही. ध्रुपद एकदा कानावर पडले की निरक्षर माणूसही टाळकऱ्यांत उभा राहतो. पुढचा म्हणतो, मागचे झेलतात. पुस्तकाची गरजच नाही.

टिळकांनी हे ओळखले. मिशनच्या लोकांत कीर्तनाची प्रथा अहमदनगरकडे (आताचे अहिल्यानगर) त्यांच्या आधीच पडली होती; टिळकांनी तिला कवीचे शब्द दिले. अभंग, ओव्या, पदे त्यांनी इतकी रचली की 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात एकट्या त्यांची दोनशेंहून अधिक गीते आहेत. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य मात्र १९१९ साली देह ठेवताना अपुरे राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना अक्षरओळखच मुळी लग्नानंतर झाली! ओवीचा हा मान नवा नव्हे. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने १६१६ सालीच 'ख्रिस्तपुराण' ओवीत छापले होते. माउलींनी घडवलेले भांडे इतके सोयीचे, की परक्यालाही आपले दूध त्यातच तापवावेसे वाटले.

आता थोडे दूरदेशी जाऊ. पश्चिम आफ्रिकेत घाना नावाचा देश आहे. १९५७ पर्यंत तिथे इंग्रजांचे राज्य होते आणि त्याला गोल्ड कोस्ट म्हणत. तिथल्या किनाऱ्यावर फांटे भाषेचे लोक राहतात. १८३५ पासून मेथडिस्ट मिशनरी तिथे गेले आणि तिथेही विलायती चालींचे पुस्तक आले. शिकलेली मंडळी ते पुस्तक हातात धरून गाऊ लागली. ज्या बायकांना वाचता येत नव्हते त्यांनी काय करावे? त्यांनी आपल्या गावच्या चालीवर, आपल्या भाषेत गायला सुरुवात केली. एकीने उचलायचे, बाकीच्यांनी झेलायचे. या गाण्याला 'एबिबिन्द्वोम' म्हणतात. अर्थ, आफ्रिकेचे गाणे. आणि गंमत अशी की पाद्रीबुवांचे प्रवचन रंगात आले असता एखादी म्हातारी मधेच उठून गाणे सुरू करते, सारी सभा ते उचलते, आणि बुवा थांबतात. गाणे संपले की पुढे चालू. कीर्तनात बुवांनी प्रमाण म्हणताच टाळकरी उचलतात, तसेच म्हणा ना.

त्या देशातील ट्वी आणि एवे या भाषांत स्वर वर-खाली झाला की शब्दाचा अर्थच बदलतो. म्हणजे विलायती चालीत देवाचे स्तोत्र म्हणताना भलतेच काही म्हटले जाण्याची सोय! एफ्रेम आमू (१८९९–१९९५) नावाच्या शिक्षकाने हा दोष ध्यानात घेऊन भाषेच्या चढउताराला धरून गीते रचली, आणि देशी वस्त्र नेसून तो उपासनेस उभा राहू लागला. अक्रोपोंग येथील मिशनच्या अध्यापक विद्यालयातून १९३३ साली त्याला त्यापायी जावे लागले. आज तो देश त्याला मोठा संगीतकार म्हणून मानतो.

पुढे काळाने वेगळेच वळण घेतले. १९८१ च्या अखेरीस तिथे लष्करी उठाव झाला. १९८२ ते १९८४ रात्रीची संचारबंदी होती. नाचगाण्याचे अड्डे ओस पडले, परदेशी वाद्यांवर जबर कर बसला. गिटार-ढोलवाले पोटासाठी चर्चमध्ये गेले, कारण वाद्ये तिथे होती आणि माणसेही. बाजारचे 'हायलाइफ' संगीत उपासनेत शिरले. ज्या मुलींना घरचे लोक नाचगाण्याच्या ताफ्यात पाऊल टाकू देत नव्हते, त्या चर्चमध्ये मोकळ्या गाऊ लागल्या आणि कॅसेटींवरून देशभर ऐकू येऊ लागल्या. गॉस्पेल म्हणजे सुवार्तेचे गाणे तिथे आज टॅक्सीत, दुकानात, लग्नात, मयतीत वाजते. भक्ती वाढली की धंदा वाढला, हा वाद तिकडेही आहेच.

आफ्रिकेचा आणि नाशिकचा एक धागा जाता जाता सांगतो. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली पूर्व आफ्रिकेची मुले एकोणिसाव्या शतकात याच शरणपुरात आणून ठेवली होती. त्यांपैकी जेकब वेनराइट हा डॉक्टर लिव्हिंग्स्टनच्या प्रेतासोबत १८७४ साली इंग्लंडपर्यंत गेला. त्या मुलांच्या कानी गोदाकाठचा टाळ पडला असेल काय, असे मनात येते.

परंतु आम्हांस ही सारी कथा आठवली ती दुसऱ्याच कारणाने. आमच्याजवळच्या एका गावात भजनी मंडळाच्या पोरांनी यंदा सप्ताहात हरिपाठ सिनेमाच्या चालीवर घेतला. पेटीची पट्टी काळी पाच, वर भोंगे. पोरांचा हेतू वाईट नव्हता. गर्दी जमावी हीच इच्छा. गर्दी जमलीही. पण वर्षानुवर्षे हरिपाठ म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बायका त्या पट्टीला पोचेनात, चाल सापडेना, म्हणून तिसऱ्या दिवसापासून भिंतीला टेकून बसल्या. कुणाच्या लक्षातही आले नाही. आम्ही मात्र पाहिले, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी बोललो नाही. चूक आमचीच झाली.

नवी चाल नकोच, असे आम्ही म्हणत नाही. जुन्या म्हणतो त्या चालीही कधी नव्याच होत्या. विचारायचे ते इतकेच, की ध्रुपद मागे उभ्या असलेल्या माणसाला झेलता येते का? फांटे बायकांना पुस्तकाने मुके केले होते. आपल्याकडे ते काम भोंगा करू लागला आहे.

त्र्यंबकेश्वरीच्या त्या रात्री तरुण टाळकऱ्याला आम्ही हे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग उठून पेटीवाल्याकडे गेला आणि म्हणाला, "दादा, पट्टी जरा खाली घे. मागं आज्या बसल्यात." पेटीवाला कुरकुरला, पण त्याने घेतली. दुसऱ्या अभंगाच्या ध्रुपदाला मागच्या रांगेतून आवाज आला. आधी एकीचा, मग चौघींचा.