पावसाळ्यात सल्ला कुणाचा ऐकावा?

मिरारोडच्या गॅलरीतली मिरची असो की उत्तन-डोंगरीच्या वाडीतले पडवळ, जून-जुलैत दोन्हींचा शत्रू एकच: मुळाशी साचलेले पाणी. मोबाइलवर मात्र ‘निम्मे कोकोपीट घाला, वर जाड आच्छादन करा’ असे सर्रास सांगितले जाते. दिल्ली-जयपूरच्या उन्हाळ्यात ते ठीक. आपल्याकडच्या संततधारेत तेच कोकोपीट पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून कोणताही सल्ला आधी कुठल्या पावसाचा, कुठल्या मातीचा, हे पाहावे.

सल्ला पारखताना

• ठिकाण आणि महिना सांगितला आहे का? उत्तरेकडचे पेरणीचे वेळापत्रक किनारपट्टीवर जसेच्या तसे लागू पडत नाही.

• प्रमाण नेमके आहे का? ‘थोडेसे फवारा’ याला अर्थ नाही. निंबोळी अर्क ५ टक्क्यांचा हवा आणि उघडीप पाहून संध्याकाळी फवारावा. लगेच पाऊस आला तर तो धुऊन जातो.

• सांगणाराच बाटली विकत असेल, तर दुसरीकडे विचारून मगच पैसे मोजावेत.

• तणावर मीठ टाकण्याचा ‘घरगुती उपाय’ कटाक्षाने टाळावा. खाडी आणि मिठागरांलगतच्या जमिनीत क्षारांचा त्रास मुळातच असतो.

• कीटकनाशकाच्या लेबलवर आपले पीक आणि आपली कीड छापलेली असावी. फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची, तेही तिथेच वाचावे. लेबलवरचा रंगीत त्रिकोण लाल, पिवळा, निळा, हिरवा या क्रमाने उतरती विषारी तीव्रता दाखवतो. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

विचारायचे कुठे?

दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच हवामानासाठी वाण आणि शिफारशी देत आले आहे. कारल्याचा ‘कोकण तारा’ हा वाण तिथलाच. जवळचे ठिकाण हवे असेल तर डहाणू तालुक्यात कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र आहे. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० मराठीतून बोलता येते. खत देण्याआधी किंवा फवारणीआधी हवामान खात्याच्या ‘मेघदूत’ अ‍ॅपवरचा अंदाज पाहावा. आणि वर्षानुवर्षे भाजी पिकवणारा वाडीवाला शेजारी असेल, तर पाणी कुठे तुंबते नि खारा वारा कुठून लागतो, हे त्याच्याइतके कुणीच सांगू शकणार नाही.

विचारायचे कसे?

‘पाने पिवळी पडली, काय करू?’ एवढ्यावर कुणालाच नीट उत्तर देता येत नाही. पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू आणि कुंडीचे तळछिद्र यांचे फोटो काढावेत. लागवड कधी केली, शेवटचे खत कोणते दिले, ऊन किती तास मिळते, हे सांगावे. वाडीची माती तपासायची असल्यास खत घालण्याआधी ८-१० ठिकाणची माती एकत्र मिसळून अर्धा किलो नमुना द्यावा आणि क्षारतेचीही तपासणी मागावी.

सल्ला पटला तरी आधी एका कुंडीत किंवा एकाच ओळीत करून पाहावा. दुसरी ओळ तशीच ठेवावी, तारीख लिहावी आणि आठ-दहा दिवसांनी दोन्हींची तुलना करावी. फरक दिसला तरच पुढे जावे.