टोनआर्म आणि कार्ट्रिज : जोडी कशी जमवायची?

रेकॉर्ड प्लेअरला महागडं कार्ट्रिज लावलं की आवाज चांगला येणारच, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण तसं नसतं. आर्म आणि कार्ट्रिज एकमेकांना मानवले पाहिजेत. का, ते आपल्या भौतिकशास्त्रातूनच समजून घेऊ.

सुई ज्या बारीक दांडीवर बसते, ती दांडी रबरी आधारावर हलते. हा आधार म्हणजे एक स्प्रिंगच. तिच्या लवचीकतेला कॉम्प्लायन्स म्हणतात. या स्प्रिंगवर आर्म, कार्ट्रिज आणि स्क्रू यांचं वस्तुमान असतं. स्प्रिंग आणि वस्तुमान आलं, की नैसर्गिक वारंवारता आलीच!

सूत्र : वारंवारता = 159 ÷ √(एकूण वस्तुमान × कॉम्प्लायन्स)

वस्तुमान ग्रॅममध्ये घ्यायचं. त्यात आर्मचं प्रभावी वस्तुमान धरायचं, तराजूवरचं वजन नव्हे. उत्तर हर्ट्झमध्ये येतं. ते 8 ते 12 च्या दरम्यान हवं.

हीच मर्यादा का? वाकलेल्या तबकडीचे हेलकावे आणि पावलांचे धक्के या मर्यादेच्या खाली असतात. संगीत साधारण 20 हर्ट्झपासून वर. अनुनाद या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवायचा. तो खाली गेला तर आर्म डोलतो, सुई उडते, तबकडीची झीज होते. वर गेला तर खर्जाचा आवाज बिघडतो.

उदाहरण : आर्म 12 ग्रॅम, ऑर्टोफोन 2एम रेड 7.2 ग्रॅम, स्क्रू 0.8 ग्रॅम. एकूण 20. कॉम्प्लायन्स 20. गुणाकार 400, वर्गमूळ 20. 159 ÷ 20 = सुमारे 8 हर्ट्झ. जोडी जमली, पण अगदी काठावर. आर्म याहून जड नको.

एक खबरदारी घ्या. जपानी कंपन्या बहुधा कॉम्प्लायन्स 100 हर्ट्झला मोजून देतात. डेनॉन डीएल-103 चा आकडा 5 दिसतो, तो असाच. सूत्रासाठी 10 हर्ट्झचा आकडा लागतो. तो अंदाजे दीड ते दोन पट धरतात.

थोडक्यात : मऊ स्प्रिंगला हलका आर्म, कडक स्प्रिंगला जड आर्म.

सराव : आर्म 18, कार्ट्रिज 6, स्क्रू 1 ग्रॅम, कॉम्प्लायन्स 25. उत्तर सुमारे 6.4 हर्ट्झ आलं पाहिजे. ही जोडी चालेल का? नसेल तर काय बदलाल? कारणासह लिहा.