‘सुपरहीट’ म्हणजे काय?

कला शाखेच्या अंकात यंत्राचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु एसी नीट गार करीनासा झाला, की ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’ असे कारागीर सांगतो आणि आपण निमूटपणे पैसे मोजतो. त्याचे म्हणणे कितपत खरे, हे दोन मापांवरून ताडता येते.

मोकळ्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे सुमारे १२० अंशांना. म्हणजे उत्कलनबिंदू दाबावर अवलंबून असतो. एसीतील गॅसचेही तसेच आहे. तो कॉइलमध्ये बराचसा द्रवरूपात शिरतो आणि खोलीतील उष्णता घेऊन उकळतो. शेवटचा थेंब संपल्यावर मिळणारी उष्णता वाफेचे तापमान वाढविते. उत्कलनबिंदूच्या वरची ही वाढ म्हणजेच सुपरहीट.

ते मोजण्यासाठी यंत्र प्रथम पंधरा मिनिटे चालू द्यावे. कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या पाइपवरील दाब गेजने पाहून, त्या गॅसच्या तक्त्यावरून उत्कलनबिंदू काढावा. मग त्याच पाइपला तापमापक घट्ट बांधून, बाहेरची हवा लागू न देता तापमान घ्यावे. समजा, जुन्या एसीतील आर-२२ गॅसचा दाब दर चौरस इंचास ६८ पौंड आहे. तक्ता सांगतो, उत्कलनबिंदू सुमारे ४ अंश. पाइप १० अंशांवर असेल, तर सुपरहीट ६ अंश. योग्य आकडा यंत्राचा प्रकार, खोलीतील दमटपणा व बाहेरील उष्मा यांवर ठरतो. तो कंपनीच्या तक्त्यात पाहावा.

आकडा फार मोठा आला, तर कॉइलला गॅस अपुरा मिळतो आहे : एक तर तो गळला आहे, नाही तर वाट तुंबली आहे. फार लहान आला, तर गॅस जादा आहे किंवा धुळीने भरलेल्या जाळीमुळे हवा कमी जाते आहे. अशा वेळी आणखी गॅस भरणे घातकच. न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरतो. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे झडपा मोडतात.

शिवाय हा गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर गळती कोठेतरी आहेच. ती आधी बुजवली पाहिजे. म्हणून यापुढे गॅस भरण्याची गोष्ट निघाली, की दोन प्रश्न अवश्य विचारावेत : सुपरहीट किती आहे आणि गळती कोठे सापडली?