‘कोसला’चे अध्यापन : निवेदकाचा दृष्टिकोन आणि न जुळण्याचा प्रश्न

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी खानदेशातील वर्गात शिकविताना जी अडचण येते, ती पुण्या-मुंबईच्या वर्गात येणारी अडचण नव्हे. तेथील विद्यार्थ्याला सांगवी नकाशात शोधावी लागते. येथे ती फार जवळ असते. मेहरूण हे मूळचे स्वतंत्र गाव आता जळगाव शहरात सामावले आहे. तलावामुळे आणि बोरांमुळे ते खानदेशात सर्वांच्या परिचयाचे आहे. अशा ठिकाणी खोली घेऊन राहणारा जो विद्यार्थी यावल, रावेर किंवा चोपडा तालुक्यातून शिकावयास आलेला असतो, त्याला तापी ओलांडली की पांडुरंग सांगवीकराचे गाव लागते हे ठाऊक असते. नेमाडे यांचा जन्म १९३८ मध्ये यावल तालुक्यातील सांगवी येथे झाला, हेही त्याने कोठेतरी वाचलेले असते. कादंबरीचा निवेदक पंचवीस वर्षांचा आहे आणि ती प्रसिद्ध झाली तेव्हा लेखकही पंचवीस वर्षांचाच होता. एवढे जुळल्यावर विद्यार्थी निवेदक बाजूला ठेवतो आणि लेखकाचे चरित्र वाचू लागतो. ‘हे सगळे खरोखर घडले का?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि दुर्दैवाने पुष्कळदा शेवटचाही.

हा प्रश्न उडवून लावणे योग्य नाही. आपल्या भागातील माणसे, आपल्या भागातील घर, आपल्यासारखाच शिकावयास दूर गेलेला मुलगा छापील पानावर प्रथमच भेटल्याचा आनंद त्यामागे असतो. १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन होईपर्यंत येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. अभ्यासक्रम पुण्याहून येत असे आणि हुशार मुलगा पुण्याला जात असे. ‘कोसला’तील पुण्याचा प्रवास या पार्श्वभूमीवर वाचणाऱ्याला ती ‘आपली’ कादंबरी वाटावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु आपलेपणाच्या भरात पांडुरंगाचा शब्द हा शेवटचा शब्द मानला जातो आणि विश्लेषण तेथेच थांबते.

याच्या नेमके उलट वाचनही त्याच वर्गात, बहुधा पुढच्याच बाकावर, असते. ज्याच्या वडिलांनी केळीच्या किंवा कापसाच्या पैशांतून शुल्क भरलेले आहे, त्या विद्यार्थ्याला पांडुरंग मुळीच आवडत नाही. बापाचे पैसे उधळणारा, परीक्षेत नापास होणारा आणि वर बापालाच नावे ठेवणारा हा मुलगा कादंबरीचा नायक कसा, असे तो विचारतो. अध्यापकाने या वाचकाला ‘जुन्या विचारांचा’ ठरविण्याची घाई करू नये. पांडुरंगाची चाहती असलेली मुले ज्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात, ती या मुलाने पाहिलेली असते. पैसे खर्ची पडल्याची जाणीव स्वतः निवेदकालाही आहे. त्याच्या कथनात हिशेब सतत डोकावतो. मग हा हिशेब मांडतो तो कोण? खोलीत मित्रांवर खर्च करणारा विद्यार्थी, की पुढे कधीतरी त्याची गोष्ट सांगावयास बसलेला तरुण? येथून खऱ्या अध्यापनाला आरंभ होऊ शकतो.

‘अनुभवणारा मी’ आणि ‘सांगणारा मी’ हा भेद व्याख्येच्या रूपाने फळ्यावर लिहून दिला तर तो वहीत उतरतो, डोक्यात उतरत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याच्या ओळखीची एखादी कृती आधी घ्यावी. ‘कोसला’च्या संदर्भात सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) या कादंबरीचा उल्लेख समीक्षेत वारंवार येतो. ती तुलना पदव्युत्तर वर्गात उपयोगाची असेलही. परंतु मेहरूणच्या विद्यार्थ्याला न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून सांगवीला नेणे हा फारच लांबचा वळसा होय. त्यापेक्षा ‘श्यामची आई’ जवळची. साने गुरुजी जन्माने कोकणातील पालगडचे. परंतु अमळनेरच्या शाळेतील त्यांच्या शिक्षकपणाने खानदेशाने त्यांना आपले मानले. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक बहुतेक विद्यार्थ्यांच्या शालेय वाचनात असते. त्याचा विचार निवेदनाच्या अंगाने मात्र क्वचितच केलेला असतो.

‘श्यामची आई’मध्येही दोन ‘मी’ आहेत. आश्रमात रात्री मित्रांना आठवणी सांगणारा श्याम प्रौढ आहे. आठवणीतला श्याम लहान आहे. पोहण्याचा प्रसंग घ्यावा. पाण्याला भिणारा मुलगा माळ्यावर लपतो, आई त्याला शोधून काढते, मारते आणि पोहावयास पाठविते. त्या क्षणी मुलाच्या दृष्टीने आई निष्ठुर आहे. सांगणाऱ्या श्यामला मात्र त्या माराचा अर्थ कळलेला आहे. मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून आईने मारले, हे तो जाणतो. लहान श्यामची हट्टी, लबाड, भित्री कृत्ये मोठा श्याम लपवीत नाही. पण प्रत्येक कृत्याच्या शेवटी तो आईचा निर्णय स्वीकारतो. जे जुळले नव्हते, ते सांगण्याच्या क्रियेतून जुळते. आश्रमातील श्रोते हे या जुळण्याचे साक्षीदार आहेत. त्यांचे डोळे भरून येतात आणि त्यांच्याबरोबर वाचकाचेही.

आता ‘कोसला’कडे वळले असता फरक चटकन ध्यानात येतो. पांडुरंगही मागे वळून सांगतो. तोही स्वतःची फजिती, कर्जे, नापास होणे लपवीत नाही. परंतु त्याच्यापुढे आश्रमातील श्रोते नाहीत. अनुभवणाऱ्या पांडुरंगाला सांगणारा पांडुरंग क्षमा करीत नाही आणि शिक्षाही करीत नाही. ‘तेव्हा मला कळले नाही, आता कळले’ हा श्यामच्या कथनाचा कणा आहे. पांडुरंगाच्या कथनात या सूत्राचा उत्तरार्ध गळून पडतो. तेव्हा कळले नाही, आणि आताही नेमके काय कळावयास हवे होते हे सांगता येत नाही, अशी त्याची अवस्था आहे. वडिलांच्या संदर्भात हे विशेष जाणवते. गावात मान असलेले आणि व्यवहारात मुरलेले हे वडील मुलाच्या नजरेतून दिसतात. परंतु निवेदक त्यांना केवळ खलनायक करून मोकळा होत नाही. त्यांच्या बाजूलाही काही अर्थ आहे, एवढे दिसण्यापुरती फट तो कथनात राहू देतो. वडिलांच्या बाजूने बोलणारा तो पुढच्या बाकावरचा विद्यार्थी याच फटीतून कादंबरीत शिरलेला असतो.

‘बंडखोरी’ हा शब्द वर्गात फार लवकर येतो आणि आला की प्रश्न सुटल्यासारखे वाटते. बंडखोराला बंड कशासाठी ते ठाऊक असते. पुण्याला गेलेला पांडुरंग प्रारंभी बंड करीत नाहीच. उलट, चांगल्या विद्यार्थ्याने जे जे करावे असे मानले जाते, ते ते तो उत्साहाने करतो : वसतिगृहात आणि महाविद्यालयात जबाबदाऱ्या घेतो, संमेलनात पुढे असतो, मित्रांच्या उपयोगी पडतो. त्यातून हाती येते ते कर्ज, फसगत आणि अपयश. म्हणजे त्याचे न जुळणे हे जुळवून घेण्याचा मनापासून प्रयत्न करून झाल्यानंतरचे आहे. कृतीच्या पातळीवर पाहिले तर शेवटी तो गावी परततो. घर सोडीत नाही, चळवळ उभारीत नाही. केवळ घटनांची यादी केल्यास तो एक हरलेला मुलगा ठरेल. त्याचे न जुळणे घटनांत शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती म्हणूनच फारसे काही लागत नाही. ते शोधावयाचे ते वाक्यांत.

यासाठी ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे पांडुरंगाचे दोन लाडके शब्द पुरेसे आहेत. कोणतेही एक पान घ्यावे, हे शब्द पेन्सिलीने खोडावेत आणि पान मोठ्याने वाचावे. अर्थाची माहिती तीच राहते. माणूस मात्र बदलतो. जगात ज्या गोष्टींची यादी आदराने पूर्ण करावयाची असते, ती यादी ‘वगैरे’ अर्ध्यावर सोडून देते. ‘उदाहरणार्थ’ हा शब्द एरवी नियमानंतर येतो. पांडुरंगाच्या बोलण्यात तो नियमाविनाच येतो, जणू स्वतःचे आयुष्य हेच कशाचे तरी उदाहरण आहे आणि कशाचे ते सांगण्याची सोय नाही. निबंधात ‘वगैरे’ लिहिल्याबद्दल शाळेत गुण गेलेले विद्यार्थी हा मुद्दा फार लवकर पकडतात. शिष्ट मराठीने जे वर्ज्य केले, त्यातच हा निवेदक राहावयास गेला आहे. (पुढे या शब्दांचे अनुकरण इतके झाले की त्यांचीच एक रूढी बनली, वर्गातील हुशार मुलांनाही हा संसर्ग होतो आणि उत्तरपत्रिका तपासताना त्याचा ताप होतो.)

धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग मात्र अशा प्रयोगासाठी वापरू नये. एरवी उपरोध ही निवेदकाची ढाल आहे. येथे ती पुरी पडत नाही. तो भाग वर्गात एकदा सलग वाचावा आणि त्यानंतर एवढेच विचारावे की सांगणारा आणि अनुभवणारा यांच्यातील अंतर येथे किती उरले आहे. जो निवेदक इतका वेळ स्वतःलाच दुरून न्याहाळत होता, त्याला हे दूरपण कोठे राखता येत नाही, हे विद्यार्थ्याला स्वतःहून दिसले तर दृष्टिकोनाची संकल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

परीक्षेचा प्रश्न येथे टाळता येत नाही. ‘पांडुरंग सांगवीकराच्या व्यक्तिरेखेतील बंडखोरी स्पष्ट करा’ या स्वरूपाचा प्रश्न विचारला की बाजारातील मार्गदर्शिकांतून तयार उत्तर येते. त्यात पाच गुणविशेष असतात आणि निवेदक नसतो. त्याऐवजी एक उतारा देऊन त्यातील कोणते ज्ञान त्या वेळच्या पांडुरंगाचे आणि कोणते सांगणाऱ्याचे, हे वेगळे करावयास सांगावे. त्याच उताऱ्यात ज्यांचे म्हणणे केवळ निवेदकाच्या तोंडून येते अशा व्यक्ती ओळखण्यासही सांगता येईल. हे उत्तर पाठ करून लिहिता येणार नाही. तपासणाऱ्यालाही ते वाचावे लागेल, ही त्यातील गैरसोय आहे.

पुनर्लेखनाचा स्वाध्याय अनेक अध्यापक देतात : नापास झालेला मुलगा घरी आल्याचा प्रसंग वडिलांच्या बाजूने लिहा. तो उपयुक्त आहे, परंतु बहुतेक विद्यार्थी वडिलांना भाषण करावयास लावतात. नाटकी संवाद येतो आणि दृष्टिकोन हरवतो. वडिलांनी काहीही न बोलता केवळ पाहिलेल्या गोष्टी लिहावयाच्या, अशी अट घातल्यास लेखन सुधारते. मुलाचे वाढलेले केस, हातातील पिशवी, पायांतील वहाणा यांतील काय बापाला दिसेल आणि काय पांडुरंगालाच ठाऊक असेल, याची निवड करावी लागते.

याहून अवघड स्वाध्याय आईचा आहे. ‘श्यामची आई’त आई पानोपानी आहे, पण ती श्यामच्या सांगण्यातून, ‘कोसला’तील आईही मुलाच्या नजरेतूनच दिसते. एक निवेदक आईशी पूर्ण जुळलेला, दुसरा कोणाशीच पुरता न जुळलेला; आणि दोघांच्याही कथनात आई ‘मी’ म्हणून बोलावयास बसत नाही. वर्गातील मुलींच्या हे मुलांच्या आधी ध्यानात येते. मेहरूणच्या वर्गात हा स्वाध्याय प्रमाण मराठीत देऊ नये. ज्या घरी जी बोली असेल, तावडी, लेवा गणबोली किंवा अहिराणी, तिच्यात तो लिहू द्यावा. पहिले वाक्य लिहावयास वेळ लागतो. ही आई कोणाला उद्देशून बोलेल, हेच ठरत नाही. श्यामला आश्रमातील मित्र होते, पांडुरंगाला निदान वाचक होता. तिला घरात कोण ऐकणारे होते, याचा शोध घेण्यासाठी विद्यार्थ्याला पुन्हा कादंबरीच उघडावी लागते.