हातभर टॅटू हवाय म्हणतोय? तुम्हीच लावून द्या!

आईबाबांनो,

गॅदरिंग जवळ आलं, नवरात्र आलं, आयपीएलचे सामने सुरू झाले, की घरोघरी एक हट्ट सुरू होतो. पूर्वी च्युइंगमसोबत मिळालेलं बोटभर चित्र मनगटावर उमटलं तरी पोरं दिवसभर मिरवायची. आता खांद्यापासून मनगटापर्यंत ड्रॅगन, पाठभर गरुड, पोटरीवर वाघाचा जबडा असे मोठाले टॅटू पाकिटात मिळतात आणि मुलांना तेच हवे असतात. शाळांच्या नाटकांची रंगभूषा मी करते. त्यामुळे ही चित्रं लावणं आणि उतरवणं माझ्या नेहमीच्या कामातलं आहे. आज त्याबद्दल तुमच्याशी मनमोकळं बोलायचंय.

पहिली विनंती अशी, की ऐकल्याऐकल्या ‘नाही’ म्हणू नका. घरून नकार मिळाला, की मूल मित्राच्या घरी लावून घेतं, किंवा जत्रेत ज्याच्या हातात ब्रश आणि काळा रंग दिसेल त्याच्यापुढे हात धरतं. तिथे काय लावलं जातंय, हे तुम्हाला कळणारही नाही. आणि ‘बरं, लाव जा’ म्हणून पाकीट त्याच्या हातात देऊन मोकळंही होऊ नका. हाताएवढं मोठं चित्र स्वतःचं स्वतःला लावताच येत नाही, त्याला दुसऱ्या माणसाचे दोन हात लागतात. ते हात आईचे किंवा बाबांचे असावेत, एवढंच माझं सांगणं आहे.

या चित्राची रचना आधी समजून घेऊ. खाली जाड कागद. त्यावर पाण्यात विरघळणारा पातळ थर. त्यावर शाईचं चित्र, चित्रावर गोंद आणि सगळ्यात वर पारदर्शक प्लॅस्टिक. प्लॅस्टिक काढून चित्र अंगावर पालथं दाबायचं आणि मागून कागद भिजवायचा. मधला थर विरघळतो, कागद सुटतो आणि चित्र गोंदासकट त्वचेवर राहतं. म्हणजे शाई त्वचेच्या वरच राहते, आत जात नाही. पण तो गोंद आणि ती शाई दोन-चार दिवस आपल्या मुलाच्या अंगाला चिकटून राहणार असते. म्हणून पाकीट घेतानाच मागची बाजू वाचा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, घटकांची यादी, वापराची मुदत यांपैकी काहीच नसेल तर ते चित्र कितीही देखणं असलं तरी दुकानातच राहू द्या. घरच्या प्रिंटरवर छापायचे टॅटूचे कागदही मिळतात. मुलांसाठी ते मला अजिबात मान्य नाहीत. प्रिंटरची शाई कागदासाठी बनवलेली असते, कातडीसाठी नव्हे.

लावण्याच्या दोन दिवस आधी एक काम करा. त्याच पाकिटातला एखादा कोपरा किंवा लहान चित्र कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. दोन दिवसांत खाज, लाली, पुरळ काही आलं नाही तर पुढे जा. ज्या मुलाला इसब आहे, ज्याला साध्या बँडएडच्या चिकटपट्टीनेही लाल चट्टे उठतात, त्याच्या अंगावर हातभर गोंद लावू नका. ताजं खरचटलेलं, डास चावून खाजवलेलं, उन्हाने भाजलेलं कातडं असेल तर ती जागा सोडा. डोळ्यांजवळ आणि ओठांजवळ नकोच. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना तर मुळीच नको. ती हात तोंडात घालतात आणि चित्राचे कपटे पोटात जातात.

आता प्रत्यक्ष लावण्याकडे येऊ. मोठी चित्रं बिघडतात ती बहुतेक वेळा तेलामुळे. आपल्याकडे मुलांच्या अंगाला खोबरेल लावायची सवय असते आणि ते एका आंघोळीत पुरतं निघत नाही. त्या दिवशी तेल, क्रीम, सनस्क्रीन काही नको. हात साबणाने दोनदा धुवा आणि खडखडीत कोरडा करा. मोठ्या मुलांच्या हातावर दाट लव असेल तर चित्र केसांच्या टोकांवर तरंगतं आणि लवकर सुटतं. पण केवळ टॅटूसाठी मुलाच्या अंगावर वस्तरा फिरवायची गरज नाही. त्याऐवजी कमी लव असलेली जागा निवडा, दंडाची आतली बाजू किंवा खांदा चांगला.

मग कात्री घ्या. चित्राभोवतीचा पारदर्शक भाग जेमतेम दोन मिलिमीटर ठेवून कापून टाका आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपरा बाहीत अडकतो आणि तिथून सगळं चित्र उकलायला लागतं. प्लॅस्टिक न काढता कागद हातावर धरून पाहा. ही मोठी चित्रं बहुधा मोठ्या माणसाच्या हाताच्या मापाची असतात. दहा वर्षांच्या मुलाच्या हाताला गुंडाळली तर कडा एकमेकींवर चढतात आणि गोंदावर गोंद बसून चिकट पट्टा तयार होतो. जास्तीचा भाग आधीच कापा. चित्र कुठे सुरू होणार ते आयब्रो पेन्सिलने हलकं टिंबून ठेवा.

संपूर्ण हाताचं चित्र एका तुकड्यात लावायचा मोह टाळा. त्याचे दोन-तीन भाग करा आणि कापायची रेघ चित्रातल्याच एखाद्या काळ्या रेषेवर घ्या, म्हणजे जोड दिसत नाही. कोपराची घडी, मनगट, गुडघ्याची मागची बाजू या जागा मोकळ्या सोडा. तिथे कातडं दिवसभर दुमडत असतं. कितीही नीट लावलं तरी तासाभरात तडे जाणारच. मुलाला हात ताठ करायला सांगू नका. ताठ हातावर लावलेलं चित्र हात सैल सोडला की सुरकुततं. हात किंचित वाकवून टेबलावर सैल ठेवायला सांगा.

प्लॅस्टिक काढलं की चित्राची चिकट बाजू उघडी पडते. ती एकदा कातड्याला टेकली की सरकवता येत नाही, म्हणून इथे दोघं हवेत. एकाने वरची कड पेन्सिलच्या खुणेवर टेकवायची, दुसऱ्याने खालचा भाग तोलून धरायचा आणि वरून खाली हळूहळू दाबत यायचं. मग ओलं फडकं किंवा स्पंज घ्या. घासू नका, दाबा. मधून सुरुवात करून कडांकडे या. लहान चित्राला अर्धं मिनिट पुरतं. मोठ्याला मिनिटभर तरी द्या, कारण कागदाचा एखादा कोपरा कोरडा राहिला की तिथलं चित्र कागदासोबतच निघून येतं. कागद पूर्ण भिजला की आपोआप सरकतो. ओढावा लागत असेल तर अजून पाणी हवंय, असं समजा.

कागद निघाल्यावर कुठे बुडबुडा दिसला तर ओल्या बोटाने हलकं टेपा. नखाने खरवडलं तर चित्र फाटतं. आता दहा मिनिटं हात न हलवता सुकू द्यायचा. मुलांना हीच दहा मिनिटं सगळ्यात कठीण जातात. या वेळात एखादी गोष्ट सांगा, टीव्ही लावा, काहीही करा, पण हात हलू देऊ नका. सुकल्यावर कॉर्नफ्लॉवर किंवा साधी पावडर कापसावर घेऊन वरून हलकेच टेपा. चकाकी जाते, चिकटपणा जातो आणि चित्र खरोखरीचं वाटू लागतं. मात्र पावडर मुलाच्या तोंडाजवळ उडवू नका. ती नाकातोंडात जाणं बरं नाही.

पुढची निगा सोपी आहे. मगाने अंगावर पाणी घेऊन आंघोळ चालेल. त्या जागी घासणी, उटणं, तेल नको. टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. बाही सैल आणि सुती असू द्या. पोहायला जायचं असेल तर चित्र टिकणार नाही, हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर रडारड नाही. रात्री झोपण्याआधी पावडरीचा हात पुन्हा फिरवा, नाहीतर चादर चिकटते. कड उकलली तर ओढू नका. उकललेला तेवढा भाग छोट्या कात्रीने कापून टाका. एप्रिल-मे महिन्यांत घामाने घामोळं येतं, तेव्हा मोठं चित्र फार वेळ ठेवू नका. माझा स्वतःचा नियम असा, की चित्र शाबूत असलं तरी तिसऱ्या दिवशी उतरवायचं. बऱ्याच शाळांना हातावरची चित्रं चालत नाहीत. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी लावून रविवारी संध्याकाळी काढणं सगळ्यांच्याच सोयीचं.

मुलांना खरा त्रास होतो तो चित्र उतरवताना. सोमवारी सकाळी शाळेची बस खाली उभी असताना घासणीने हात लालेलाल केलेली मुलं मी पाहिली आहेत. तसं करू नका. जे तेल लावताना नको होतं, तेच आता कामाला येतं. खोबरेल भरपूर लावा, दहा मिनिटं थांबा आणि मऊ फडक्याने गोल गोल फिरवा. गोंद विरघळून चित्राच्या वळ्या होऊन निघतात. थोडं राहिलंच तर संध्याकाळी पुन्हा तेल. नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर, चिकटपट्टी लावून खसकन ओढणं यांतलं काहीही मुलांच्या कातड्यावर करू नका. शेवटी साबणाने धुवा आणि साधं क्रीम लावा. मधेच कधी खाज किंवा लाली दिसली तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच उतरवा, गार पाण्याची घडी ठेवा. फोड आले किंवा दुसऱ्या दिवशीही खाज थांबली नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि पाकीट सोबत न्या.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या आईबाबांना एक वेगळी गोष्ट सांगते. मूल ‘मला कायमचा टॅटू हवाय’ म्हणत असेल तर वाद घालण्याआधी त्याच मापाचा, त्याच जागी लावायचा तात्पुरता टॅटू त्याला आणून द्या. तो घेऊन आजीसमोर बसू दे, लग्नाला जाऊ दे, क्लासला जाऊ दे. दुसऱ्याच दिवशी कंटाळणारी मुलं पुष्कळ असतात. जी कंटाळत नाहीत, त्यांच्याशी निदान खरं बोलणं सुरू होतं. ज्यांना सैन्यात जायचंय त्यांना हेही सांगा, की सैन्यभरतीत कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे एवढ्याच जागी चालतो. आदिवासींच्या परंपरागत गोंदणाला तेवढी वेगळी सवलत आहे. दंडावर कायमचा वाघ आणि अंगावर वर्दी, हे दोन्ही जमणार नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल मी सगळ्यात कळकळीने सांगतेय ती ऐका. जत्रेत, समुद्रकिनाऱ्यावर, मॉलबाहेर ‘काळ्या मेंदीचा टॅटू’ काढून देतात. तो मुलांच्या अंगावर कधीही, कुणाकडूनही काढून घेऊ नका. मेंदीच्या पानात मुळात काळा रंग नसतोच. खऱ्या मेंदीचा लगदा हिरवट असतो, तो काही तास ठेवावा लागतो, धुतल्यावर केशरी रंग दिसतो आणि एक-दोन दिवसांत तो तांबूस-तपकिरी होतो. जी मेंदी तासाभरात कोळशासारखी काळी उठते, तिच्यात बहुधा केसांच्या कलपातलं पॅराफिनिलीनडायअमीन, म्हणजेच पीपीडी मिसळलेलं असतं. युरोपीय संघात केसांना लावायच्या रंगातसुद्धा ते 2 टक्क्यांहून अधिक चालत नाही. कातडीला लावायच्या रंगात ते तिथेही आणि अमेरिकेतही निषिद्ध आहे. रस्त्यावरच्या वाटीत ते किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पहिल्या वेळी कित्येकदा काहीच होत नाही आणि आईबाबा निर्धास्त होतात. पण शरीराने तो पदार्थ ओळखून ठेवलेला असू शकतो. मग काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही, नेमकं चित्राच्याच आकारात कातडं सुजतं, फोड येतात, आणि फोड बरे झाल्यावर तिथे फिकट किंवा काळपट डाग महिनोन्महिने राहतो. कधी कायमचा व्रण राहतो. ही ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर साथ सोडत नाही. याची ‘आधी थोडं लावून पाहू’ अशी चाचणीही घरी करू नका. तेवढ्या थेंबानेही ॲलर्जी सुरू होऊ शकते. खरी मेंदी मोठ्या मुलांना खुशाल काढा, पण तान्ह्या बाळाच्या हातापायांना तीही नको. जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मेंदीमुळे फुटू शकतात.

तुमच्या मुलाला काळ्या मेंदीने कधी फोड आले असतील, तर त्याच्या वैद्यकीय फाइलवर ‘पीपीडी ॲलर्जी?’ असं आजच लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. काही बधिर करणारी मलमं आणि सल्फाची काही औषधं अशा मुलांना बाधू शकतात. उद्या कॉलेजात गेल्यावर केस रंगवायची हौस येईल, तेव्हा त्याच पदार्थाने चेहरा आणि डोळे सुजू शकतात. ही गोष्ट तुम्हाला माहीत असून पुरणार नाही, त्याला स्वतःला माहीत असू द्या.