अंगणात पोपट ठेवण्याआधी

आमच्या डोळखांब पट्ट्यात रात्री कोंबडी बाहेर ठेवणारं घर मी पाहिलेलं नाही. दिवसभर ती परड्यात, बांधावर, उकिरड्यावर कुठेही चरेल. पण दिवेलागण झाली की ती डालग्याखाली आणि डालगं घरात. ठाकरांच्या पाड्यावर जा नाहीतर नाक्यावरच्या सिमेंटच्या घरात जा, यात फरक नाही. मुंगूस, उदमांजर, रानमांजर, धामण, कधीमधी बिबट्या, गिऱ्हाइकं पुष्कळ. आणि याच गावात शहरातून कुणी हौसेचे पोपट आणले, की त्यांचा पिंजरा मात्र थेट अंगणात उभा राहतो. का, तर तिथे तो छान दिसतो.

आमच्याकडे पक्षी आले ते कल्याणच्या भाच्यामुळे. त्याच्या सोसायटीत आवाजावरून कटकट सुरू झाली आणि तो कॉकटेलची आणि बजरीगरची जोडपी माझ्या ओटीवर ठेवून गेला. “मावशी, तुझ्याकडे जागा आहे, मोकळी हवा आहे, पाखरं खूश होतील.” मोकळ्या हवेत आणखी काय काय मोकळं फिरतं, हे कल्याणच्या चौथ्या मजल्यावरून दिसत नाही. पिंजराही त्यानंच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून पाठवला होता. चौकोनी पाइपचा सांगाडा, त्याला कोंबड्यांची षटकोनी जाळी, वर सपाट पत्रा, खाली उघडी माती. हिरवा ऑइलपेंट झकास मारलेला.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी बोलते आहे ते कॉकटेल आणि बजरीगर या ऑस्ट्रेलियातल्या पोपटांबद्दल. (बजरीगरला आपल्या बाजारात सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात, तो भाग वेगळा.) आपला गळ्यात कंठ असलेला हिरवा राघू, मोठा करण पोपट, जांभळट डोक्याचा लहान पोपट हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. विकत घेतला, कुणी भेट दिला, झाडाखाली पडलेला सापडला म्हणून वाढवला, काहीही असो, तो पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नेहमीच्या गुन्ह्याला असलेली दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून १ लाख रुपयांवर गेली. तरी दर उन्हाळ्याच्या तोंडाला ढोलीतून काढलेली लाल-गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं कुणी ना कुणी टोपलीत घेऊन फिरतोच. त्याला पैसे देणाऱ्यामुळेच पुढच्या वर्षी पुन्हा तीच ढोली फोडली जाते. खरोखर पडलेलं पिल्लू सापडलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. मकाव, आफ्रिकन ग्रे असे महागडे परदेशी पोपट असतील, तर २०२४ च्या नियमांनुसार त्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणारा म्हणाला “कागदाची गरज नाही”, तर त्या पक्ष्याचीही आपल्याला गरज नाही असं समजावं.

आता त्या हिरव्या पिंजऱ्याची गोष्ट. पाऊस सरता सरता एका सकाळी दाणे टाकायला गेले तर पाखरं सगळी एका कोपऱ्यात, छताला चिकटून बसलेली. चिवचिवाट नाही. खालच्या दांडीला एक तपकिरी, अंगावर काळे पट्टे असलेला साप वेटोळं घालून होता, आणि त्याच्या मधोमध मुठीएवढा फुगवटा. तस्कर. बिनविषारी, पण झाडावर चढण्यात पटाईत. जाळीच्या ज्या भोकातून तो रिकाम्या पोटी आत आला होता, त्यातूनच बाहेर पडायचा त्याचा प्रयत्न चालला होता. डोकं आणि वीतभर अंग बाहेर जायचं, फुगवटा अडायचा, पुन्हा मागे. भोक इंचाचं, माझा अंगठा जेमतेम जाईल एवढं. सर्पमित्र आला, त्यानं त्याला हलकेच सोडवलं. घाबरल्यावर साप खाल्लेलं टाकतात, तसं यानंही टाकलं. ओला, लांबट झालेला निळा बजरीगर. शेजारचे काका बघत होते. ते एवढंच म्हणाले, “बाय, पिंजरा पाखराला कोंडायला केला. सापाला कोण कोंडणार?”

काकांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. तयार पिंजरे बनवणारा एकच विचार करतो, पाखरू उडून जाता कामा नये. गावाकडच्या पिंजऱ्याचा हिशेब उलटा आहे. आत काय येईल, ते आधी मोजायचं.

म्हणून जाळीवर पैसे वाचवू नयेत. कोंबडीजाळी उंदीर कुरतडतो, घूस फाडते, मांजर पंज्यानं ओढून भोक मोठं करते. वेल्ड केलेली, चौकोनी, अर्ध्या इंचाची जाळी घ्यावी, आणि जमिनीपासून कमरेपर्यंत तिच्यावर पाव इंचाची दुसरी. अर्ध्या इंचातून जाणारा साप मोठ्या पक्ष्याला गिळू शकत नाही, पण अंडी आणि पिल्लं त्याच्या आवाक्यात असतात. बाजू दुहेरी कराव्यात, दोन जाळ्यांमध्ये तीनेक बोटांचं अंतर ठेवून. बजरीगर जाळीला लटकून झोपतो, आणि बाहेरून मांजराचा पंजा किंवा शिक्र्याची नखं आली की पाय तुटून हातात येतो. हे एका ओळखीच्या घरी घडलं आहे. पिंजरा शाबूत, कडी लागलेली आणि पाखरू एका पायाचं.

जाळीबद्दल आणखी एक, जे दुकानदार सांगत नाही. नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीवर जस्ताचे थेंब आणि पांढरी भुकटी असते. पोपट दिवसभर चोचीनं जाळी चावत बसतो, आणि ते जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. पक्षी मलूल होतो, उलट्या करतो, विष्ठा हिरवट पातळ होते, आणि आपण थंडी बाधली म्हणून हळद देत बसतो. जाळी व्हिनेगर आणि तारेच्या ब्रशनं खसखसून घासावी, धुवावी, जमलं तर एक पावसाळा उघड्यावर पडू द्यावी. आम्ही बसायच्या दांड्यांजवळ, जिथे चोच सतत पोचते, तेवढ्या भागाला स्टेनलेस स्टीलची जाळी लावली. महाग पडली. ऑइलपेंट मात्र चोच पोचेल तिथून सगळा खरवडून काढला.

खालची माती हा सगळ्यात मोठा शत्रू. मातीत विष्ठा मुरते, जंतांची अंडी साठतात, आणि घूस खालून बीळ काढून सरळ आत येते. चारही बाजूंनी दोन फूट खोल चर खणून त्यात सिमेंट भरावं, आत कोबा करावा आणि त्याला मोरीसारखा उतार द्यावा, म्हणजे रोज बादलीभर पाण्यात काम होतं. एवढं बांधकाम नको असेल तर पिंजरा कमरेइतक्या उंच लोखंडी पायांवर उभा करावा, तळालाही जाळीच ठेवावी म्हणजे घाण खाली पडते, आणि पायांना पत्र्याचे उलटे शंकू बसवावेत. मुंग्यांसाठी पायाखाली पाण्याच्या वाट्या, आपल्या आया शिंकाळ्यावर दूध टांगायच्या त्याच काळजीनं.

दार एक नको, दोन. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा. कॉकटेल डोक्यावरून निसटला की परत येत नाही. आपल्या रानात काय खायचं ते त्याला ठाऊक नसतं, आणि कावळे त्याला संध्याकाळपर्यंत फिरू देत नाहीत. नुसती कडी माकडं उघडतात, तिला कुलूप हवंच.

रात्रीची सोय म्हणजे कोंबड्यांचाच न्याय. पिंजऱ्याच्या एका टोकाला विटांची, पत्र्याच्या छपराची छोटी खोली बांधली आणि पाखरं अंधार पडायच्या आत तिथे जातील अशी सवय लावली. संध्याकाळचे दाणे फक्त तिथेच मिळतात, त्यामुळे आठवडाभरात ती आपण होऊन जायला लागली. बाहेर जाळीत झोपणाऱ्या कॉकटेलला रात्रीची धडकी भरते. छपरावरून मांजर गेलं, पिंगळा ओरडला, गाडीचा उजेड फिरला, की अंधारात तो वेड्यासारखा चहूकडे आपटतो, कोवळी रक्ताची पिसं मोडतात आणि सकाळी दांडीवर, भिंतीवर रक्ताचे शिंतोडे. असं झालं तर कॉर्नफ्लॉर दाबून रक्त थांबवावं आणि पक्षी शांत अंधाऱ्या खोक्यात ठेवावा. खोलीत मंद दिवा रात्रभर जळू द्यावा. आमच्याकडे वीज जाते, म्हणून बॅटरीवरचा.

साप, मुंगूस, मांजर यांना पोपटापेक्षा उंदराची ओढ जास्त असते; आणि उंदराला ओढ दाण्यांची. पिंजऱ्याखाली सांडलेली राळ्याची मूठ रात्रभर राहिली की तिच्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे बाकीचे. म्हणून दाणे मोजून, दिवसाच, आणि सूर्य मावळायच्या आत भांडी उचलून खालचं झाडून टाकायचं. साठवण पत्र्याच्या डब्यात, गोणीत नाही. नाचणी, वरी, बाजरी, राळा हे सगळं आपल्याकडेच मिळतं, परदेशी नावाच्या पाकिटांची गरज नाही. शेंगदाणे आणि मका मात्र पावसाळ्यात बंद करावेत. ओलीला त्यांच्यावर बुरशी धरते, ती डोळ्यांना दिसायच्या आधीच तिचं विष यकृतावर बसतं.

पावसाळा तर आपल्याकडचा म्हणजे काय सांगावं. कॉकटेल कोरड्या मुलखातला पक्षी, आणि इथे जूनपासून कपडे वाळत नाहीत. पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूला पक्की भिंत, उघडी बाजू पूर्वेला. छप्पर निम्मं नव्हे, पूर्ण झाकावं, उतार मागच्या बाजूला द्यावा. एप्रिल-मे मध्ये तोच पत्रा तव्यासारखा तापतो. त्यावर पेंढा आणि त्याच्यावर शेडनेट टाकलं की आतला ताव पुष्कळ कमी होतो.

पूर्ण छपराचं दुसरं कारण आभाळातून पडणारी विष्ठा. याच शहापूर तालुक्यात वेहळोलीला फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्ड फ्लू निघाला आणि हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. असा रोग निघाला की भोवतालचं एक किलोमीटरचं वर्तुळ बाधित धरतात, आणि त्या वर्तुळात अंगणातल्या चार कोंबड्यांनाही सूट नसते. रानपाखरांची घाण आणि कोंबड्यांचा वावर पिंजऱ्यापासून लांब ठेवावा. नवा पक्षी आणला तर महिना-दीड महिना वेगळा ठेवावा, दुसऱ्या खोलीत आणि वेगळ्या भांड्यांत. पोपटांपासून माणसालाही फुप्फुसाचा आजार होतो. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये, आधी पाणी शिंपडावं, तोंडाला फडकं बांधावं.

आणि राब. उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी शेतात पालापाचोळा, शेण, टहाळ रचून भाजतात, तेव्हा आठ-पंधरा दिवस सगळं खोरं धुरात असतं. पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे धूर त्याला आपल्यापेक्षा फार लवकर मारतो. शेजाऱ्याला राब भाजू नको म्हणायचा मला काय अधिकार? मी त्यांना आदल्या दिवशी सांगायला सांगते, आणि पाखरं लहान पिंजऱ्यात भरून घराच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत, दारंखिडक्या लावून. तो लहान पिंजरा बारा महिने तयार हवा. आजारपणातही तोच लागतो, कारण आपल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांचा हात गाई-म्हशी-शेळ्यांवर बसलेला. पोपटासाठी आसनगावहून लोकल पकडून कल्याण-ठाणे, नाहीतर थेट परळचं बैलघोडा हॉस्पिटल.

हल्ली मुरबाड रस्त्याला फार्महाउसं वाढली आहेत, आणि मालक मंडळी पिंजऱ्याची मापं विचारायला येतात. मापं मी देते: उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण पोपट आडवा उडतो, दोन जोडप्यांना बारा फूट लांब, सहा रुंद असावा. मग विचारते, बुधवारी पाणी कोण बदलणार? उत्तर माळी असं आलं, तर मी सरळ नको म्हणते. शनिवार-रविवार येणाऱ्यानं काटेसावर लावावी, उंबर लावावा. सावर फुलली की राघूंचे थवे आपण होऊन येतात, भांडतात, फुलं कुरतडून खाली टाकतात, आणि कुणाची परवानगी लागत नाही. पाण्याचं पसरट भांडं ठेवायचं असेल तर ते मात्र छातीइतक्या उंचीवर, झुडपापासून लांब. जमिनीवर ठेवलंत तर मांजर तिथेच टपून बसेल.