गुणगौरवाच्या यादीत न बसणारी मुले



बाबासाहेब इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा समाजातील मंडळींनी त्यांचा जाहीर सत्कार करावयाचे ठरविले. वडील सुभेदार रामजी यांनी साफ नकार दिला. मुलगा नुसती परीक्षा पास झाला आहे, दुसरे काही केलेले नाही, अशाने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. अखेर त्यांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी मध्यस्थी केली, सभा झाली आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ही हकीकत दिली आहे. (चरित्रकार हा सत्कार १९०७ च्या मॅट्रिकच्या वेळचा सांगतात. आम्ही बाबासाहेबांच्या शब्दावर जातो.)

ही गोष्ट आपण नेहमी त्या पुस्तकासाठी सांगतो. रामजीबाबांच्या हरकतीकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

आपल्या गुणगौरव समारंभात दहावी-बारावीचे टक्के वाचले जातात; पाचवी ते आठवीच्या मुलांच्या हाती वह्या देऊन आपण मोकळे होतो. मागील खेपेस यादी करताना सातवीतील एका मुलीचे नाव पुढे आले. आई धुणीभांडी करते. ही मुलगी रोज संध्याकाळी विहारात वस्तीतील लहान मुले जमवून त्यांच्याकडून बाराखडी व पाढे करून घेते. तिला ५४ टक्के मार्क होते, म्हणून नाव वगळले. आम्हीच वगळले, हे लिहिताना संकोच वाटतो. पुढे ती तापाने आठ दिवस आली नाही, तेव्हा तिच्याच हाताखालच्या चौथीतील मुलाने फळा पुसून वर्ग चालू ठेवला. नेतृत्व म्हणतात ते हेच, असे आमचे मत झाले आहे.

पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यातील बाबर अली याने २००२ साली, वयाच्या नवव्या वर्षी, घराच्या अंगणात शेजारची मुले शिकवायला घेतली. पुढे त्याची मोठी शाळा झाली. केंद्र सरकारच्या प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कारातही समाजसेवेला वेगळे स्थान आहे. मग आपणच टक्क्यांपाशी का अडावे?

निवड करताना मुलाकडून अर्ज भरून घेऊ नये. ज्यांच्यासाठी त्याने काम केले त्यांना जाऊन विचारावे. जयंतीच्या दिवशी फोटोपुरता झाडू हाती धरणे ही सेवा नव्हे. निदान सहा महिने काम चाललेले असावे. पदाधिकाऱ्यांच्या मुलांचा विचार करू नये. यावरून वाद होईल, होऊ द्यावा. शाल-श्रीफळ व लांबलचक भाषणे या वयाला नकोत, तेथे रामजीबाबांचेच ऐकावे. भेट मात्र केळुसकरांसारखी पुढे उपयोगी पडणारी हवी : फळा, खडूची पेटी, गोष्टींची पुस्तके.

सभासदांनी आपापल्या वस्तीतील नावे समारंभाच्या महिनाभर आधी कार्यालयात द्यावीत. पहिले नाव आम्ही लिहून ठेवले आहे. ती मुलगी आता आठवीत आहे.